ताई, खुर्ची उलटी फिरवल्याबद्दल मनापासून आभार

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गच्या ताईंना,

स. न. वि. वि.

व्हीलचेअरवरच्या माझ्या आजींना तुम्ही तुमचं गाव दाखवलंत, त्या दिवशी गडबडीत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निरोप घेतला, ते मनाला लागून राहिलंय. म्हणून हे जाहीर पत्र. ज्येष्ठांना घेऊन तिकडे निघालेल्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

सहल आखणाऱ्यांनी लेखी कळवलं होतं : “गाव सपाट आहे, व्हीलचेअरला काही अडचण नाही.” गाव सपाट आहेच, डॅन्यूब नदीच्या काठावर आहे. पण जुन्या गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे. दोन दगडांमधल्या फटीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं आडवी होऊन अडकतात. ढकलणारा आणखी जोर लावतो आणि खुर्चीतलं माणूस पुढे फेकलं जातं. एवढं ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी ‘अडचण नाही’ असं कशाच्या जिवावर लिहावं? त्यांचा गाइड तर झेंडी उंच धरून पुढे गेला तो गेलाच. असो.

तुमचा त्या सहलीशी काडीचाही संबंध नव्हता. तुम्ही मराठी ऐकून थांबलात, आधी ब्रेक लावलात आणि समोर येऊन, आजींच्या डोळ्यांच्या पातळीला वाकून त्यांनाच विचारलंत, “आजी, खुर्ची जरा मागे कलवू का? पाठ टेकून बसा, हात मांडीवर घ्या.” तोवर जो तो मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारत होता, “त्यांना काय हवंय?” जणू खुर्चीत सामान ठेवलंय.

मग मागच्या दांडीवर पाय देऊन तुम्ही पुढची चाकं अधांतरी केलीत आणि मोठ्या चाकांवर खुर्ची चालवलीत. दगड फारच उंचसखल होते तिथे ती सरळ उलटी फिरवून ओढत नेलीत, कारण मोठं चाक फटीत बसत नाही. फुटपाथवरून उतरतानाही पाठ रस्त्याकडे आणि मोठी चाकं आधी. आणि दरवेळी कलवण्याआधी, न चुकता, “आता हं, आजी.” तिसऱ्या-चौथ्या ‘आता हं’नंतर आजींनी घट्ट आवळलेले खुर्चीचे हात सोडले. तुम्ही मागे होतात, तुम्हाला ते दिसलं नसेल. ताकद लावणारे खूप भेटतात हो, सांगून लावणारे विरळा.

रस्ताही किती विचार करून निवडलात! स्टेशनवरून विजेवरची छोटी बस, मग पोर्टा प्रेटोरिया. इ.स. 179 मधलं, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं रोमन छावणीचं दार, आणि एकही पायरी न चढता रस्त्यावरूनच दिसतं. आजींनी दगडाला हात लावून पाहिला. त्यानंतर दगडी पूल. 1135 ते 1146 मध्ये बांधलेला, गाड्यांना बंद, आणि 2018 ला संपलेल्या दुरुस्तीनंतर वर सपाट फरशा. मधोमध उंचवटा आहे, म्हणून चढताना सरळ आणि उतरताना खुर्ची उलटी, हेही तुम्हीच दाखवलंत. खांबांभोवतीच्या दगडी चौथऱ्यांमुळे नदीची वाट अरुंद होते, म्हणून पुलाखाली पाणी एवढं उसळून भोवरे घेतं, हे तुमच्याकडून कळल्यावर आजी तिथून हलायला तयार नव्हत्या. पुलाजवळच्या जुन्या सॉसेजच्या टपरीच्या भिंतीवरच्या पुराच्या खुणाही त्यांनी नीट वाचून घेतल्या. आतलं डुकराचं मांस मात्र त्यांच्या कामाचं नव्हतं.

तुम्ही सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी इतरांसाठी इथे लिहून ठेवते. म्युनिकहून येताना बायर्न-टिकीट (बव्हेरिया राज्यातल्या स्थानिक गाड्यांचं दिवसभराचं तिकीट) काढलं, तर ते सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतरच चालतं, त्यावर नावं लिहावी लागतात आणि आयसीईत, म्हणजे वेगवान लांब पल्ल्याच्या गाडीत, बसलात तर दंड ठरलेला. फलाटावर चढ-उताराला मदत हवी असेल, तर रेल्वेला आदल्या दिवशी रात्री आठच्या आत कळवायचं. अपंगांसाठीची बरीच सार्वजनिक स्वच्छतागृहं युरो-किल्ली नावाच्या एकाच ठरावीक किल्लीने उघडतात. ती अपंगत्वाचा दाखला देऊन आधीच मागवायची असते, आयत्या वेळी स्टेशनवर मागून मिळत नाही. आमच्याकडे अर्थातच नव्हती. तुम्ही कुठून तरी सोय केलीत, कशी ते विचारायचं राहूनच गेलं.

चहाचेही पैसे तुम्ही देऊ दिले नाहीत. निदान नकाशा तरी परत घ्यायला हवा होता. गुळगुळीत फरशीचे रस्ते तुम्ही त्यावर पेन्सिलने गिरवून दिलेत, त्याच्या झेरॉक्स काढून पुढच्या महिन्यात तिकडे निघालेल्या दोन कुटुंबांना दिल्या आहेत. एखादा रस्ता खोदकामामुळे बंद झाला असेल, तर तेवढं कळवा.

आपली ऋणी,
आजींची नात