घरी बांधलेल्या विमानाला केवढं इंजिन?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान 2016 मध्ये ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. स्वतःचं विमान बांधायचं म्हणणारी अभियांत्रिकीची मुलं आपल्याकडेही भेटतात. माझी हयात वाळूजमध्ये इंजिनांच्या कामात गेली, म्हणून ती मला विचारतात: मोठं इंजिन बसवू का?

मराठवाड्यात हा प्रश्न रास्तच आहे. आपल्या चिकलठाणा विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून 582 मीटरवर. मे महिन्यात पारा 42 अंशांवर गेला की तिथली हवा एरवीच्या 1700 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ होते. इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो नसेल तर 160 हॉर्सपॉवरच्या इंजिनातून जेमतेम 135 मिळतात. त्यामुळे लायकॉमिंग या अमेरिकी कंपनीच्या 160 हॉर्सपॉवरच्या ओ-320 इंजिनाऐवजी कुणी ओ-360 घेत असेल, तर खुशाल घ्यावं. चारच सिलिंडर, बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास तोच, फक्त स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव वाढवलेली. वजन थोडंच वाढतं आणि वीसेक हॉर्सपॉवर पदरात पडतात. विमान धावपट्टी लवकर सोडतं, चढतंही जोमात. वेगाची आशा मात्र धरू नये. वेग वाढवायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या पटीत वाढते, म्हणून साडेबारा टक्के जादा ताकदीला वेग मिळतो चारच टक्के.

मला काळजी वाटते ती लायकॉमिंगच्याच सहा सिलिंडरच्या 540 इंजिनाची. दोन आसनी हलक्या सांगाड्यावर ते चढवलं की पन्नास किलोंहून जास्त बोजा थेट नाकावर येतो. गुरुत्वमध्य पुढे सरकतो, उतरताना नाक वर धरवत नाही. मग शेपटीत वजन भरा, इंजिन बसवायची चौकट बदला, टाकी वाढवा. विमान असं जड होत गेलं की उतरण्याचा वेग वाढतो, आणि इंजिन बंद पडून शेतात उतरायची वेळ आली तर जीव त्या वेगावरच अवलंबून असतो. डिझायनरने आराखड्यात दिलेली हॉर्सपॉवरची मर्यादा कुणीही ओलांडू नये.

इंधनाचंही पाहावं. पंपावरचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लायकॉमिंगला चालत नाही. एव्हगॅस, म्हणजे विमानाचं पेट्रोल, 2022 पासून इंडियन ऑइल वडोदऱ्यात बनवू लागलं, पण ते मोजक्याच विमानतळांवर मिळतं. 540 ला ते तासाला पन्नासेक लिटर लागतं.

मुलांनी इंजिनाची ऑर्डर देण्याआधी वजनाचा आणि गुरुत्वमध्याचा हिशेब कागदावर मांडून आणावा. तो तपासून द्यायला मी केव्हाही तयार आहे.

आपला,
एक निवृत्त इंजिन फिटर,
वाळूज, छत्रपती संभाजीनगर