शेजारच्या टेबलवरच्या भाऊंना मनापासून थँक्यू

नमस्कार भाऊ, धरमपेठेतल्या अभ्यासिकेत खिडकीजवळच्या टेबलवर राज्यसेवेचा अभ्यास करणारे तुम्ही. तुमचा नंबर घ्यायचा राहूनच गेला म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहून राहिली आहे, नागपुरातलं कोणी ना कोणी तुमच्यापर्यंत पोचवेलच.

माझं एमएचं प्रोजेक्ट उमरेडच्या कोष्टी विणकरांवर. आजोबांच्या घरी माग होता म्हणून विषय अगदी जिवाभावाचा. आता जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्हवर फुकट मिळतात हे सगळेच सांगतात, पण त्या लाखो पुस्तकांतून आपल्या कामाचं पान बाहेर काढायचं कसं हे कोणी सांगत नाही. ते तुम्ही सांगितलं, तेही प्रिलिम तोंडावर असताना पुस्तक मिटून ठेवून.

तुम्ही सर्वात आधी काय विचारलं ते मला आठवते, "ज्या साहेबानं हे लिहिलं तो उमरेडचं स्पेलिंग काय करत असेल?" आणि शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत इंपिरियल गॅझेटिअर, म्हणजे इंग्रजांच्या काळातला गावोगावच्या माहितीचा कोश, उघडून दाखवलं, तर तिथे शेवटी डी नाहीच, आर आहे! उमरेर. आणि त्याच नोंदीत आमचं रेशमी काठाचं सुती कापड. भाऊ, खरं सांगते, मला तेव्हा काही बोलताच येईना, आजोबा जे हातानं करायचे ते तिथे छापलेलं होतं.

नागपूरचंही तेच, इंग्रज अधिकारी जेन्किन्सच्या 1827 च्या रिपोर्टच्या नावात शेवटी ओआरई लावलंय. मग तुम्ही आर्काइव्हचं ॲडव्हान्स्ड सर्चचं पान उघडलं, टायटलच्या रकान्यात एन ए जी पी एवढीच अक्षरं टाकून पुढे स्टार दिला, म्हणजे दोन्ही स्पेलिंगं एकदमच येतात, खाली प्रकार म्हणून टेक्स्ट्स निवडलं, तारीख 1800 ते 1920, आणि मग जी यादी आली ती खरंच वाचता येण्यासारखी होती. दुसरी गोष्ट याहून मोठी, तिथला साधा सर्च फक्त पुस्तकाचं नाव, लेखक, माहिती एवढंच बघतो, पुस्तकाच्या आत शोधायचं तर टेक्स्ट कंटेंट्सचा पर्याय निवडावा लागते. हे एवढं महत्त्वाचं आहे आणि शिकवत काहून नाहीत कोणी, मला खरंच कळत नाही.

रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या 1916 च्या पुस्तकात कोष्टी, कोष्टा आणि सालेवार ही तिन्ही नावं एकाच मथळ्याखाली आहेत, म्हणून तुम्ही तिन्हींच्या मधे कॅपिटलमधलं ओआर टाकायला लावलं, म्हणजे तिन्हींपैकी कोणतंही एक नाव असलं तरी सापडते. सालेवारमधल्या एका अक्षरावर छापताना रेघ दिलेली आहे, स्कॅन करताना मशीन अशी अक्षरं कधी कधी चुकीची वाचते, म्हणून एकाच नावावर विसंबून राहू नका म्हणाले. हे तर मी वहीच्या पहिल्या पानावरच लिहून ठेवलंय.

गूगलचंही तसंच. इंग्रजीत साइट, लगेच कोलन, आणि मधे स्पेस न देता वेबसाइटचा पत्ता, की फक्त तेवढ्या वेबसाइटमधलंच दिसते. नुसतं उमरेड टाकलं तर कऱ्हांडल्याच्या वाघांची सफारी येते, उमरेर टाकलं तर कोळसा खाणी, मग सफारी आणि कोल या शब्दांना चिकटून आधी मायनस लावला की विणकर वर येतात. दोन शब्द शेजारी-शेजारीच हवे असतील तर अवतरण चिन्हात. एवढं सगळं तुम्ही न वैतागता सांगितलं, माझ्या हातून टाइप करवून घेतलं, माउस एकदाही स्वतःकडे ओढला नाही, म्हणून ते आज माझ्या हातात बसलंय. आता माझ्या दोन मैत्रिणी आपापल्या विषयांसाठी हेच वापरून राहिल्यात, एक कामठीवर आणि एक एम्प्रेस मिलवर.

प्रोजेक्ट सबमिट झालं भाऊ. ऋणनिर्देशात तुमचं नाव टाकायचं होतं पण पूर्ण नाव माहीत नव्हतं, म्हणून "अभ्यासिकेतले भाऊ" असंच लिहिलंय. एक झेरॉक्स प्रत काउंटरवरच्या काकूंकडे ठेवली आहे, तुमची मेन्स झाली की नक्की घेऊन जा. परीक्षेसाठी खूप खूप शुभेच्छा, आईनंही सांगितल्यात.