बोलायला खोली कुठे आहे?

दहावी-बारावीच्या परीक्षार्थींसाठी राज्य मंडळाने दूरध्वनीवर समुपदेशक उपलब्ध करून दिल्याचे वृत्त वाचले. उपक्रम चांगलाच आहे. मात्र अशा बातम्यांत पालक दिसतो तो केवळ मुलावर ताण आणणारा म्हणून. क्लासच्या फीचे हप्ते, सासऱ्यांचे आजारपण, लोकलचा रोजचा प्रवास आणि त्यात घरात दहावीचे वर्ष, हा ताण त्याचाही असतोच.

केंद्र सरकारची 'टेली मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी समुपदेशन सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. ती केवळ रुग्णांसाठी नाही, हे किती पालकांना ठाऊक आहे? पण खरी अडचण वेगळीच आहे. आमच्या वन रूम किचनमध्ये पाच माणसे राहतात. सासूबाई समोर, मुलगा शेजारी अभ्यासाला. मन मोकळे करायचे तरी कुठे? एकदा मी जिन्यात उभी राहून फोन लावला. वरच्या मजल्यावरच्या काकू उतरू लागल्या, तशी 'भाजी राहिलीय, नंतर बोलते' असे समुपदेशकालाच सांगून तो बंद केला.

महापालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी बहुधा रिकामे असतात. त्यातली एखादी खोली आठवड्यातून दोनदा पालकांना अशा संभाषणासाठी खुली ठेवली, तर फारसा खर्च येणार नाही. दाराला आतून कडी मात्र हवी.

— एक पालक, डोंबिवली (पूर्व)