रुमाल सोडू नको म्हणावं

प्रिय मध्या,

तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पत्राचं कारण वेगळंच आहे.

वाडा बिल्डरला दिल्याचं विन्यानं सांगितलं असेलच. माळा रिकामा करताना आजोबांच्या पेटीत मोडी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. विन्याला जुन्या वस्तूंचा एक व्यापारी भेटलाय. शिक्क्याचे कागद तेवढे तो घेणार, हिशेब आणि याद्या रद्दीत! मध्या, माझी झोप उडाली आहे रे.

एक कागद मी उलगडून पाहिला. दोन बंद, म्हणजे कागदाच्या लांब पट्ट्या, खळीनं एकमेकींना चिकटवलेल्या आणि पाठीमागे बरोबर जोडावर शिक्का, अर्धा वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधूनच कुणी बंद बदलू नये म्हणून केवढी काळजी! आणि आता आपणच फाडाफाड करायची? शिक्का कुणाच्या तरी दिवाणखान्यात लागेल, पण कोणाकडून किती शेतसारा आला, कोणाचा तंटा कसा मिटला, ते त्या याद्यांतच असणार ना?

इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव जुनी दप्तरं शोधत हिंडले ते ह्याचसाठी. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, असे बावीस झाले. पण एकटा माणूस किती वाचवणार? म्हणून ७ जुलै १९१० ला खंडेराव मेहेंदळ्यांना घेऊन पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं. साधनं जमवायची, जपायची, वाचून छापायची. पुढे ते मंडळातून बाहेर पडले. तू लगेच म्हणशील, 'योग्यच केलं.' मुळीच नाही! ह्यावर आपण किती रात्री भांडलो, चहा निवून जायचा. पण बघ, १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. शेवटी संस्थाच लागली की नाही?

आपले कागदही अशा मंडळाला द्यावे म्हटलं, तर विन्या म्हणतो, मंडळाला दिले की आपल्या हातून गेले. अरे, घरात होते तेव्हा कोणी वाचले? दादा तर एक रुमाल उशाला घेऊन झोपायचे! तिथे नोंद होईल, मोडी जाणणारा कुणी बसून वाचेल.

लेकीचं लग्न ठरल्याचं कळलं, फार आनंद झाला. तारीख कळव, आम्ही दोघं येतोच. वहिनींना नमस्कार.

विन्या शाळेपासून तुझंच ऐकतो. आजच फोन कर. शिक्क्याचे कागद वेगळे काढू नको, रुमाल सोडूच नको, एवढं बजाव. व्यापारी रविवारी येतोय.

तुझा,
शरद