झाडं आणि छप्पर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

‘ज्यांच्या डोक्यावर छप्पर आहे त्यांनाच झाडं आठवतात,’ हे उद्यानाच्या जागेवर घरं बांधण्याच्या वादातलं तुझं वाक्य झोंबलं. खोटं असतं तर झोंबलं नसतं. सुनावणीला येतात ती घर असलेली माणसं. नव्या घरांत राहायला येणारी कुटुंबं अजून कुठल्याच यादीत नसतात. त्यामुळे ‘उद्यान वाचवा’च्या फलकामागे कधीकधी ‘आमच्या खिडकीतला देखावा वाचवा’ एवढंच असतं. हे सगळं मान्य करूनही मी उद्यानाचं आरक्षण उठवण्याच्या विरोधातच आहे.

‘फक्त कडेची पट्टी घेऊ, मधलं रान तसंच राहील’ हा युक्तिवाद तुला वाजवी वाटतो. बर्लिनमध्ये टेम्पलहोफ विमानतळाबाबत हेच झालं. तो २००८ मध्ये बंद झाला आणि भर शहरात सुमारे ३०० हेक्टर जागा मोकळी झाली. शहर सरकारने मधला माळ राखून कडेने सुमारे ४,७०० घरांचा बेत आखला. २०१४ च्या सार्वमतात जवळपास ६४ टक्के लोकांनी तो फेटाळला. ती घरं आपल्याला परवडतील यावर अनेकांचा विश्वासच नव्हता. आणि गंमत म्हणजे तिथे राई वगैरे नाही, गवत आणि जुन्या धावपट्ट्या. पण त्या गवतात चंडोल जमिनीवर घरटी करतात, आणि उंच इमारतीच्या आसपास ते फिरकत नाहीत. म्हणजे कड बांधली की मधलंही आकसतं. आपल्या अहवालांत अशा माळाला बिनदिक्कत ‘पडीक’ म्हणतात, याचा मला फार राग येतो.

तोडलेल्या झाडामागे अमुक रोपं लावू, हेही ऐकून कान किटले. रोपं लागतात, जगली तर वाढतातही. पण पावसाचं पाणी जिरवणारी भुसभुशीत माती वर्षानुवर्षांच्या पालापाचोळ्यातून होते. तिच्यावर एकदा काँक्रीट पडलं की ती परत आणायला कुठलीच योजना नसते. घरासाठी दुसरी जागा शोधता येते, हा माझा सगळा मुद्दा.

तो बर्लिनवरही उलटतो म्हणा. नकार मिळाला, पण मग घरं कुठे, हे त्या मतदानाने ठरलं नाही. भाडी वाढतच गेली आणि कडेच्या बांधकामाचा विषय पुन्हा वर आला. यायचाच.

त्या मानाने सिडनीचं केलीज बुश मला जास्त पटतं. १९७१ मध्ये तिथल्या तेरा बायकांनी ते छोटं रान वाचवायला बांधकाम मजुरांच्या संघटनेची मदत मागितली, आणि संघटनेने तिथे काम करायला नकार दिला. ज्यांचं पोट बांधकामावर, तेच म्हणाले की काय बांधायचं यात आमचंही मत हवं. तुझ्या ‘छप्परवाल्यां’त ही माणसं कशी बसवशील?

तर हरकत नोंदवताना मी नुसतं ‘नको’ लिहिणार नाही. बंद पडलेली गोदामं, रिकामी कार्यालयं, रस्ता आणि जलवाहिनी आधीच असलेल्या जागा, अशी यादी जोडणार आहे. कुठे किती मजले चढतील, हे मला कळत नाही, तुला कळतं. कच्ची यादी सोबत आहे. मुदत संपायच्या आत लाल शाईने तपासून पाठव. भांडण त्यानंतरही चालू ठेवू.

तुझाच