मासे पहाटेच का मरतात?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ठाण्यातल्या एखाद्या तलावात मासे मेले की पहिली शंका विषाची येते. विष असूही शकतं. पण मेलेले मासे उजाडताना दिसले आणि जिवंत असलेले वर येऊन तोंडाची उघडझाप करत असले, तर आधी पाण्यातला ऑक्सिजन तपासावा.

30 अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. दिवसा शेवाळ त्यात भर घालतं. अंधार पडला की तेही नुसतं श्वसन करतं. निर्माल्य आणि माशांसाठी टाकलेला पाव कुजवणारे जिवाणू तर अहोरात्र ऑक्सिजन खातात. त्यामुळे साठा पहाटे तळाला जातो, ढगाळ दिवसानंतर आणखीच. 2-3 मिलिग्रॅमच्या खाली रोहू, कटला धापा टाकू लागतात. हवेतूनही श्वास घेणारा मागूर तगतो.

पेशीत काय बिघडतं? ग्लुकोजचा रेणू पेशीद्रव्यात फुटताना 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात. तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) पूर्ण ज्वलन झालं तर एकूण 30 ते 32 (जुन्या पुस्तकांत 38). तिथे हातोहात पुढे सरकणारे इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजन घेतो आणि पाणी बनतं. घेणाराच नसला की मागची सगळी रांग तुंबते. पेशी मग लॅक्टिक आम्ल बनवत त्या 2 एटीपींवर दिवस काढते. स्नायूंचं त्यावर थोडा वेळ भागतं, मेंदूचं आणि हृदयाचं नाही. आपण टाकलेला पाव पोटात असतानाच मासा मरतो.

म्हणून पाण्याचा नमुना दुपारी घेऊ नये. तेव्हा आकडा छानच येतो. पहाटे 5 ते 6 दरम्यान 300 मिलिलिटरची बाटली पाण्याखालीच भरून, बुडबुडा राहू न देता बूच लावावं. मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड (ऑक्सिजन बांधून ठेवणारी रसायनं) काठावरच घालावं, नाहीतर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतले जिवाणू ऑक्सिजन संपवतात. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर संपलेला आहे.

पाण्यात हवा मिसळणारी कारंजी संध्याकाळी रंगीत दिव्यांत उडतात. फिरायला येणाऱ्यांना ती हवीतच, पण माशांना ती मध्यरात्रीपासून सूर्योदयापर्यंत लागतात. पंपाचं तोंड मात्र तळाच्या गाळापासून वर असावं. गाळ ढवळला गेला तर उरलासुरला ऑक्सिजनही तोच ओढून घेतो.

आपले,
जीवशास्त्राचे दोन शिक्षक, ठाणे