मागची खोली अजून भाड्याने दिलेली नाही

चि. अश्विनीस,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर विचारलंस, "अण्णा, आपल्याकडच्या पोरांना नेमकं काय हवंय?" कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारलंस की डिग्री झाल्यावर खरंच सोलापुरात येऊन काम करायचं डोक्यात आहे, ते काही बोलली नाहीस. दुसरं खरं धरून लिहितो.

नोकरी हवी, हे कुणीही सांगेल. मिल गेल्या, मागही एकेक करून भंगारात चाललेत, आपले गेले तसे. सकाळी पुण्याला जाणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसला बॅगा घेऊन उभी असलेली पोरं बघितली की कळतं. पण त्यावर तू आणि मी बसून काही करू शकणार नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो.

मला रोज दिसते ती गोष्ट म्हणजे जागेची अडचण. माग होते त्या शेडमध्ये आता अभ्यासिका आहे, फरशीत बोल्टांची भोकं अजून तशीच आहेत. लोकांना वाटतं पोरं इथं एमपीएससी करायला येतात. करतातही, पण निम्मी नुसती बसायला येतात बघ. पूर्व भागातलं घर म्हणजे दहा बाय दहाची खोली. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा तिथंच झोपणार, आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळणार, धाकट्यांचा टीव्ही चालू, शेजारी मागांची खडखड. आणि पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तेही अवेळी. पाण्याच्या दिवशी माझ्याकडची निम्मी बाकं रिकामी असतात, कारण घागरी भरायला तरुण हात लागतात.

एक पोरगा आहे, नाव लिहीत नाही. पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे होम मैदानावर पळतो. गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की तिथं पाळणे आणि स्टॉल लागतात, मग ही सगळी पोरं रस्त्याच्या कडेने पळतात. १६०० मीटर त्याला जड नाही. मैदानाचे ५० मार्क तो बऱ्यापैकी मिळवतो, अडकतो ते १०० मार्कांच्या लेखीला. दोन भरत्या गेल्या. हल्ली संध्याकाळी येतो, पुस्तक उघडतो आणि टेबलावर डोकं टेकून पडून राहतो. मी काही विचारत नाही. घरी निकाल विचारतात, गल्लीत विचारतात, लग्नाला गेला तर पंगतीत विचारतात. माझ्याकडे कुणी विचारत नाही म्हणूनच तो येत असावा, असा माझा अंदाज.

मुलींचं वेगळंच. पोरांना पानटपरी आहे, कट्टा आहे, मंडळ आहे, सिद्धेश्वर तलावाची कड आहे. मुलगी कुठं पाच मिनिटं उभी राहिली की "कुणाची गं ही?" सुरू होतं. आपल्याकडे ओळखीचा हा जाच फार. मुली अभ्यासिकेतून रात्री आठलाच निघतात, कारण कोपऱ्यावरचा दिवा बंद असतो आणि घरच्यांना काळजी. फक्त एक मुलगी नऊपर्यंत थांबते. तिची आई पायरीवर बसून असते, सूप घेऊन. हजार विड्या पुऱ्या करायच्याच असतात, त्या इथं बसून करते. मधेच तेलुगूत आत हाक मारून वेळ विचारते. बाकीच्या मुलींना हे जमत नाही, कारण त्यांच्या आयांना घरून निघताच येत नाही.

तू मागे १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर पाठवला होतास, तो मी पाण्याच्या फिल्टरशेजारी लावला. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, हेही खाली लिहिलं. कुणी वाचत नाही असं वाटायचं. मग लक्षात आलं, काही पोरं बाटली भरून झाली तरी तिथंच उभी राहतात. पण सांग, फोन करायचा कुठून? घरी भिंतीला सुद्धा कान, अभ्यासिकेत बोलायला मनाई (तो नियम माझाच), आणि जिन्यात सतत येजा. सिव्हिलला मानसोपचाराचा विभाग आहे, पण केसपेपरच्या रांगेत मामाचा मेव्हणा भेटणारच. म्हणून कुणी जात नाही. उपचार लांब आहेत असं नाही, वाटेवर ओळखीची माणसं फार आहेत.

भाषणं मात्र भरपूर. १२ जानेवारीला युवक दिन, आणि आपल्याकडे तोच हुतात्म्यांचा दिवस, १९३१ साली चौघांना फाशी झाली ती तारीख. दिवसभर माईकवरून तरुणांना त्याग शिकवतात. शिकवणाऱ्यांपैकी कुणी संध्याकाळी अभ्यासिकेत येऊन पाच मिनिटं बसल्याचं मला आठवत नाही. बोलायला हरकत नाही, पण त्याच पैशात कोपऱ्यावरचा दिवा लागला असता. मी चिडून लिहितोय, पण तू समजून घेशील.

तेव्हा येशील तर पाहणीचा फॉर्म घेऊन येऊ नकोस. मागच्या वर्षी एका संस्थेची मुलं आली होती, "तुम्हाला ताण जाणवतो का? कधी कधी / नेहमी" असं भरून घेऊन गेली. सगळ्यांनी "कधी कधी"वर टिक केली, कारण शेजारचा बघत होता. तू नुसती बस. कॅरम मांड. पोरं "काय बे" करत आपसात भांडतील, भांडू दे. मुलींसाठी वेगळी वेळ ठेव आणि ती उजेडातली ठेव.

तुझ्या आईशी बोललो. शेडमागची खोली, जिथं पूर्वी बॉबिनं ठेवायचो, ती रिकामी आहे. दाराला कडी लागते, आतून बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, मी स्वतः उभं राहून बघितलं. फ्लेक्स छापणारा एक जण भाड्याने मागतोय आणि भाडं चांगलं देतोय, घरखर्चाला उपयोगाचं आहे हेही तुला माहीत असू दे. तुझं येणं ठरत असेल तर महिनाअखेरीपर्यंत कळव, त्याला तोवर थांबवून ठेवलंय.

तुझे,
अण्णा